करपलेली पोपटी
भांबुर्ड्याचा पाला हातात चुरडला, की त्या उग्र वासासरशी मला नव्वदच्या दशकातली अष्टमी गावातली ती संध्याकाळ आठवते. कॉलेज सुटून वीसेक वर्षं झाली होती आणि आम्ही वर्गमित्र पहिल्यांदाच जमलो होतो, एका मित्राच्या वालाच्या शेतात पोपटी लावायला. कॉलेजच्या निवडणुकीत हा यजमान पेणच्या मित्राकडून हरला होता, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. तरी या खेपेला निरोप त्यानंच धाडला होता. शेंगा, बटाटे, अंडी पाल्यात दाबून मडकं पालथं घातलं, भोवती पेंढा पेटवला. गाडीची वेळ टळली, तरी पेणवाल्याचा पत्ता नव्हता. आमच्यातल्या एकीनं मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र वाजलं. "झाली रे, काढा आता." यजमान जाळावर आणखी पेंढा टाकत म्हणाला, "थांब गो! त्याला काय थंड खायला घालू?" करपल्याचा वास सुटला तरी तो हटेना. अंधार पडता पडता बांधावरून पेणवाला धापा टाकत आला. "गाडी कासू टेशनात अडकली व्हती." मडकं रिकामं केलं, तर शेंगा काळ्याठिक्कर. त्यातलीच एक सोलून त्यानं दाणे तोंडात टाकले आणि यजमानाकडे बघत म्हणाला, "बरं झालं तू निवडून आला नाय, कॉलेजपण जाळलं असतंस." आधी यजमान हसला, मग आम्ही सगळे. अजून दर थंडीत आमची पोपटी लागते, आणि मडक्यावर पाणी चर्र वाजलं की ते दोघं एकदम ओरडतात, "राहू दे, जरा करपू दे!"