मामांची सरकती खोली

पावसाशी व्यक्तिगत वैर असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका इंग्लंडात येऊन राहिला होता. आमच्या हिचे मामा. इथला पाऊस तसा पाऊस म्हणावा असा नसतोच. नळ नीट बंद न केल्यासारखा तो नुसता चालू असतो. बाकीचे लोक कॉलर वर करून आपापल्या कामाला जातात. मामा मात्र मिल्टन कीन्समधल्या आपल्या दारात उभे राहून, नकोसा पाहुणा फाटक उघडून आत येताना दिसावा तसे आभाळाकडे बघत आणि "आला निर्लज्ज!" म्हणत. त्यातून हा गृहस्थ त्या नव्या शहराच्या गटारांचे नकाशे काढून निवृत्त झालेला. कुठल्या राउंडअबाउटखालचं पाणी कुठे जातं हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त स्वतःच्या गाडीत पाणी कुठून येतं, हे काही केल्या कळत नव्हतं.

ही गाडी म्हणजे अमेरिकन मोटरहोम. मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन सैनिकाने ती नव्वदीच्या सुरुवातीला मामांच्या गळ्यात मारली. आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, सगळं. वर तिची खासियत अशी, की बटण दाबलं की कपाटाचा खण ओढावा तशी तिच्या कुशीतून पलंगासकट एक अख्खी खोली बाहेर सरकायची. मामा तिला 'स्लाइड' म्हणत. गाडी दारात उभी राहिली आणि मामांचं घर तिचं आउटहाउस दिसू लागलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाई तक्रार घेऊन आल्या, की माझ्या बैठकीत ऊन येईनासं झालंय. मामांनी अत्यंत अदबीने विचारलं, "मॅडम, याआधी शेवटचं कधी आलं होतं?"

एवढं धूड कशासाठी, तर मामींना समुद्रकिनारे दाखवण्यासाठी. मामी लग्न होऊन आल्या तेव्हा या दोघांचा संसार क्रॉयडनच्या एका तळघरातल्या खोलीत सुरू झाला होता. भिंतींना बुरशी, अंथरुणाला बाराही महिने कुबट वास. थोरल्या मुलाचा दमा तिथलाच, अशी मामींची खात्री होती. त्या तळघराचं मामांना जन्मभर वाईट वाटत आलं होतं; बोलून दाखवण्यातला हा माणूस नव्हता, म्हणून त्यांनी एवढी मोठी गाडी घेतली. आणि पहिल्याच पावसात स्लाइडच्या फटीतून पलंगावर धार लागली. मामी शांतपणे म्हणाल्या, "ओल्या अंथरुणात मी या जन्मात पुन्हा झोपणार नाही. एक थेंब आत आला तरी मी पाऊल ठेवायची नाही. तुम्ही या समुद्र बघून." मामी एकदा बोलल्या की विषय संपला.

इथून मामांचं युद्ध सुरू झालं. स्लाइडच्या चौकटीला रबराची पट्टी असते, ती मऊ राहिली तर पाणी अडवते, असं कुणीतरी सांगितलं. मामांनी रेडिएटरवर खोबरेलाची बाटली वितळवली आणि पट्टीला चांगलं पाव बाटली तेल चोपडलं. "केसांना चालतं ते रबराला का चालू नये?" ऑक्टोबरातल्या थंडीत ते तेल पट्टीच्या घडीत थिजलं, रबर फुगलं, आणि बाहेर आलेली खोली काही आत जाईना. शेजारच्या बाईंच्या गुलाबांवर आठवडाभर आमच्या मामांचा पलंग तरंगत होता. शेवटी लेकीचा हेअर ड्रायर आणून खोली मोकळी केली, तेव्हा गल्लीभर वेणीफणीचा वास सुटला होता.

मग लक्षात आलं, की स्लाइडच्या छपरावर साचलेलं पाणी खोली आत घेताना सोबत आत येतं. उपाय सोपा होता. मामांनी गाडीची एका बाजूची चाकं फळ्यांवर चढवली आणि खोली बाहेरच्या अंगाला कलती केली. पाणी खरंच निथळलं. पण आत बसलेला माणूसही निथळू लागला. आम्ही भेटायला गेलो की चहा गाडीतच, मामा बनवणार. मी सोफ्याच्या वरच्या टोकाला बसलो, तर गप्पा संपेपर्यंत खालच्या टोकाला मामांच्या मांडीवर पोचलेला असे. "तिरकं आहे म्हणूनच कोरडं आहे, जावईबापू!" मामा मला सावरत म्हणत.

टेस्टिंगसाठी तर त्यांनी मला भर पावसात होजपाइप घेऊन शिडीवर उभं केलं. स्वतः आत टॉर्च घेऊन बसले. मी शिडीवरून ओरडलो, "अहो मामा, पाऊस पडतोय की! पाइप कशाला?"

"हा पाऊस डिपेंडेबल नाही," आतून आवाज आला. "तुम्ही मारा!"

शेजारच्या बाईंनी पडदा ओढून घेतला.

अखेर मामांनी ताडपत्रीची एक झडप शिवली. खोली बाहेर सरकली की तीही तिच्या डोक्यावर ताणली जायची. शनिवार-रविवार धो धो कोसळला, पण गादी कोरडी. मामींनी चारही कोपऱ्यांवरून तळहात फिरवला, गादीला नाक लावून वास घेतला आणि म्हणाल्या, "बरं, चला." मामांनी त्या दिवशी मला फोन करून ही बातमी दोनदा दिली.

पहिली सफर वेल्सच्या किनाऱ्यावर झाली. आम्ही दोघं आमच्या कारने मागोमाग गेलो. दुपारी जेवणं झाली आणि समुद्राकडून आडवा पाऊस आला. मामा लगेच झाडू घेऊन छपरावरचं पाणी लोटायला शिडीवर चढले. मी आत डोकावलो तर मामी पलंगाच्या कडेला अंग चोरून पडलेल्या. उशीशेजारी एक वाटी, तिच्यात फडकं घातलेलं, आणि वरच्या कोपऱ्यातून त्यात थेंब पडत होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "त्यांना सांगू नका हं. किती दिवसांनी रात्रीची झोप लागतेय त्यांना."

वाटी पलंगाखाली गेली तोच निथळते मामा दारात उभे. "काय, कसं काय? ड्राय?"

"अगदी!" मामी म्हणाल्या.

पुढे प्रत्येक उन्हाळ्यात ती दोघं फिरली. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभ्या माणसालासुद्धा मामा झडपेची कहाणी ऐकवत, आणि मी मान डोलवत असे.

मग मामींच्या गुडघ्यांना गाडीच्या पायऱ्या चढवेनात, आणि मामांनी गाडी विकायला काढली. बेसिंगस्टोकहून एक माणूस बघायला आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्याने सगळं बघून झाल्यावर विचारलं, "लीक वगैरे होते का?" आता झडपेची कहाणी येणार म्हणून मी खिशात हात घालून तयार राहिलो. मामांनी घराच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून त्याला इंग्रजीत सांगितलं, "होते. पलंगाच्या वरचा डावा कोपरा. पहिल्या दिवसापासून. खूप केलं, जमलं नाही. पण माझ्या बायकोसमोर हे काढू नका. तिला वाटतं, मला माहीत नाही."

मी मामांकडे बघतच राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात मामी हळूहळू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि गिऱ्हाइकाला अभिमानाने म्हणाल्या, "नॉट वन ड्रॉप! एव्हरीथिंग माय हजबंड डिड."

बिचारा एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत चहा प्यायला. मामा आपल्या कपात साखर ढवळत होते. साखर त्यांनी केव्हाच सोडली होती. मला त्या दोघांच्या तिथेच पाया पडावंसं वाटलं. त्या माणसाने मात्र घासाघीस न करता गाडी घेतली, आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मामा-मामी शेजारी शेजारी उभे राहून हात हलवत होते.