माझ्या बापाचा सूर त्याला सापडला

मंडळी, आज लई जळफळाट झालाय.

माझ्या शॉर्टफिल्ममध्ये एक पोरगी आमचं कळंब गाव सोडून जाते. त्या सीनला मला बासरी हवी होती. संगीतकार समीर म्हणाला, "काय वाटायला पाहिजे तेवढं सांग, वाजवायचं माझ्यावर सोड."

मी मन मारून म्हणालो, "पोटात खड्डा पडला पाहिजे."

आज त्यानं ऐकवलं. बासरी न्हायच! मोंढ्यात सोयाबीनचा सौदा पुकारणाऱ्या माझ्या बाबांचा आवाज त्यानं रेकॉर्ड करून, संथ करून लावलेला. पोटात खड्डा पडला.

माझ्यासंगं ऐकायला आलेले बाबा त्याचा हात धरून म्हणाले, "माझ्या वरडण्यात गाणं हाय व्हय?"

घरी आम्ही त्यांना सारखं 'हळू बोला' म्हणतो. पिक्चर माझा, बाप माझा, अन् गाणं ऐकू आलं त्याला!

तुमच्या घरचं असं काही परक्यानं तुमच्याआधी ऐकलंय का?