वाढवलेल्या दुकानांची परिषद

यवतमाळहून निघताना कॉलेजात सांगितलं, किरकोळ व्यापार आणि ग्राहकसेवा या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला पुण्याला चालले आहे. प्राचार्यांनी मान डोलावली. स्टाफरूममध्ये कुणीतरी "बाप्पा, इंटरनॅशनल!" म्हणालं आणि लगेच सगळे आपापल्या पोरांच्या मार्कांकडे वळले. खरी गोष्ट तिथे कुणाला सांगितली नाही, ती इथे सांगते. मी परिषदेला चाललेच नव्हते. मी मीनलला भेटायला चालले होते.

मीनल पुण्यातल्या एका मॅनेजमेंट संस्थेत शिकवते. तिला विदर्भातल्या छोट्या दुकानांची पाहणी करायची होती आणि कुणीतरी तिला माझं नाव सुचवलं. प्रश्नावली तिनं करायची, दुकानं मी फिरायची, आकडेमोड तिनं करायची, असा आमचा भागीदारीचा कारभार. दोन वर्षं नुसत्या ई-मेलवर चालला. एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण कामाचं लिहून झालं की खाली ती तिच्या घरमालकाच्या कटकटी लिहायची, मी माझ्या गुडघ्याच्या. पन्नाशी उलटलेली, बिनलग्नाची बाई मी. आई गेल्यापासून संध्याकाळी घरात आवाज फक्त कुकरचा. सायबर कॅफेत जाऊन मेल उघडायची, वर 'प्रिय ताई' दिसलं की बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की माझीच मला लाज वाटे.

तर त्या मीनलसाठी पिशवीत सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेल्या गव्हाच्या शेवया) घेतले, वहिनीनं केलेलं मिरचीचं लोणचं घेतलं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले. झोप काही लागली नाही. भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, याचीच जुळवाजुळव चालली होती.

सकाळी स्वारगेटला उतरले तर थंडीनं दात वाजत होते. चहूकडून बस, रिक्षा आणि स्कूटरवर तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या मुली. रिक्षावाल्याला विचारलं, "कर्वेनगरला येता का?"

"कर्वेनगर पुष्कळ मोठं आहे. नेमकं कुठं, की सगळंच बघायचंय?"

मी मुकाट्यानं गेस्ट हाउसचा पत्ता सांगितला. वाटेत त्यानं तेवढंच विचारलं, "नागपूरकडच्या का?" म्हटलं, यवतमाळ. "तेच ते," म्हणाला. तेच ते कसं हो! भांडायला तोंड उघडलं होतं, पण एकट्या बाईनं पहिल्याच सकाळी भांडण नको, म्हणून गप्प बसले.

गेस्ट हाउसजवळच्या हॉटेलात पोहे मागवले. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. सुरेख दिसत होते. मी आपलं सवयीनं विचारलं, "तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) नाही का?" गल्ल्यावरचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, पोहे आहेत हे. मिसळ हवी असेल तर मिसळ सांगा." पोहे गोडच लागले. समोरच्या टेबलावर आयटीतली चार पोरं गळ्यात ओळखपत्रं अडकवून एकदम बोलत होती, हसत होती. माझ्यासमोरची खुर्ची त्यांच्यातल्या एकानं "ही घेऊ का?" म्हणून उचलून नेली.

परिषदेचं सभागृह झकास होतं. गुळगुळीत फरशी, कुडकुडायला लावणारा एसी, प्रत्येकाला एक काळी पिशवी आणि गळ्यात अडकवायचं नाव. माझ्या नावाखाली कॉलेजच्या जागी नुसतं 'इंडिया' छापलं होतं. म्हटलं चला, यवतमाळची थेट भारत झाले! परदेशी पाहुणे बरेच होते. मॉल, ब्रँड, ग्राहकाची निष्ठा यावर बोलणं चाललं होतं. त्या दिवसांत पुण्यात मॉल नवे नवे होते आणि जो तो त्यांच्याबद्दल नवी सून घरात आल्यासारखा बोलत होता.

चहाच्या वेळेस मागून आवाज आला, "ताई! फायनली!"

मीनल. मला वाटलं होतं त्यापेक्षा उंच, केस कापलेले, खादीचा कुर्ता. तिनं दोन्ही हात धरले. मी जुळवून ठेवलेलं वाक्य साफ विसरले आणि म्हणाले, "अगं, किती वाळलीस!" आधी कधी पाहिली नव्हती आणि म्हणे वाळलीस! ती खळखळून हसली. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि "संध्याकाळी निवांत बोलू हं ताई," म्हणत ती गेली. पिशवी माझ्या हातातच राहिली.

जेवण उभ्यानं होतं. ताट धरून मी तीन घोळक्यांच्या कडेला उभी राहून पाहिलं. कुणी वाईट वागलं नाही. सगळे थोडं सरकून जागा करत, हसत आणि मग पुन्हा आपल्या बोलण्याला लागत. घरी एकटी असते तेव्हा निदान एकटीच असते. इथं माणसांत उभी राहून मी ताट अर्धंच ठेवलं.

जेवणानंतर मीनल लॅपटॉप घेऊन धावत आली. "ताई, उद्याच्या स्लाइड्स बघून घ्या पटकन. आणि एक सांगू? ते ऑस्ट्रेलियाचे सर आहेत ना, त्यांना आपलं फाइंडिंग जाम आवडलंय. मला वर्षभर तिकडे बोलावतील बहुतेक!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. मी कौतुकानं स्लाइड पाहायला लागले आणि एका ठिकाणी थांबले. इंग्रजीत लिहिलं होतं: गावात मोठी दुकानं आल्यावर बहुतेक छोटे दुकानदार आपल्या धंद्याचा विस्तार करणार आहेत.

विस्तार? मी ती ओळ पुन्हा वाचली.

वाचकहो, घोटाळा असा. प्रश्नावलीत मीनलनं लिहिलं होतं, 'येत्या काळात आपण दुकान वाढवणार आहात का?' आमच्याकडे दुकान 'बंद करतो' असं तोंडानं कुणी म्हणत नाही, अशुभ वाटतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. तसंच दुकान. संध्याकाळी वाढवतात ते दिवसापुरतं, नाहीतर कायमचंच. तो प्रश्न वाचून मी तर म्हटलं होतं, बघा, पुण्याची असून पोरगी किती रीतीनं विचारते. दुकानदारांनीही रीतीनंच उत्तर दिलं होतं. मीनल मात्र लष्करातल्या वडिलांबरोबर कुठल्या कुठल्या छावण्यांत वाढलेली. घरात मराठी बोलली, पण बाजारात कधी नाही. तिच्या लेखी वाढवणं म्हणजे मोठं करणं. दोन वर्षं आम्ही दोघी एकच शब्द लिहीत होतो आणि उलट्या दिशांना चाललो होतो.

आणि त्या 'हो' म्हणणाऱ्यांत माझा दादा होता. त्याचं कापडाचं दुकान. गल्ल्यासमोर बसून मीच त्याला प्रश्न विचारला होता. "लिही," तो म्हणाला होता, "दिवाळी झाली का वाढवतो." मग कापडाच्या गठ्ठ्यावर हात ठेवून किती वेळ बाहेर बघत बसला होता. वाढवलंही त्यानं दिवाळीनंतर. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. आणि इथं पुण्यात, थंडगार सभागृहात, माझा दादा विस्तार करत होता.

सांगायला तोंड उघडलं तोवर मीनलला पुन्हा हाक आली.

संध्याकाळी सगळ्यांना बसमधून मॉल दाखवायला नेलं. सरकत्या जिन्यासमोर मी थबकले. मागचे लोक वळसा घालून पुढे गेले. शेवटी साडी गोळा करून पाय टाकला आणि वर जाऊन पडता पडता वाचले. आत माणसांची ही गर्दी, पण कुठल्या दुकानात कुणी 'या' म्हणत नाही, 'बसा' म्हणत नाही. कापडाला हात लावला की एक मुलगी मागे येऊन उभी राहते, तेवढंच. कपात मक्याचे वाफवलेले दाणे घेऊन मी बाकावर बसले. तेवढ्यात मीनल दिसली. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. हाक मारली, शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं.

ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे सगळे 'हो' हे 'नाही' आहेत?"

"'नाही' नाही गं. बंद आहेत."

"ताई, हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला आत्ताच कळलं. विस्तार हा शब्द मी आजच पाहिला."

ती हळूच म्हणाली, "उद्या नको ना. पेपर छापायला देताना दुरुस्त करू. उद्याचा दिवस जाऊ दे. प्लीज, ताई."

काय म्हणणार होते मी? अख्ख्या पुण्यात मला एकच माणूस ओळखत होतं आणि ते माझ्याकडे काहीतरी मागत होतं. "बरं," म्हणाले. तिनं माझा हात दाबला. पिशवी तिला दिली, तिनं लोणच्याचा वास घेऊन डोळे मिटले. इतकं बरं वाटलं म्हणता!

दुसऱ्या दिवशी मीनल छानच बोलली. टाळ्या झाल्या. विस्ताराची स्लाइड आली तेव्हा मी खाली बघितलं. संपलं एकदाचं, असं वाटत होतं तोच ऑस्ट्रेलियाचे ते उंच प्राध्यापक उठले आणि थेट माझ्याकडे वळून विचारते झाले, "मॅडम, दुकानं तुम्ही स्वतः फिरलात. तुमच्या गावात छोटी दुकानं खरंच वाढताहेत?"

माइक हातात आला. मी मीनलकडे पाहिलं. ती मला डोळ्यांनी विनवत होती. आणि मला सारखा दादा दिसत होता, गठ्ठ्यावर हात ठेवलेला. त्याचं दुकान गेलं ते गेलं, पण गेलं असंही कुणी म्हणू नये? ते माझ्याच्यानं होईना.

"नो सर," मी म्हणाले. "दे आर क्लोजिंग."

मग माझ्या मोडक्या इंग्रजीत नारळ सांगितला, बांगडी सांगितली, मंगळसूत्र सांगितलं. माझा भाऊ सांगितला. मागच्या रांगेतले एक म्हातारे पुणेकर शेजाऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे डॉक्टर 'आयुष्य वाढलंय' म्हणाले तर आता घाबरायला हवं!" हशा पिकला, टाळ्या पडल्या. ते सर तर खूश झाले, अशी चूक आपण कधी ऐकली नव्हती म्हणाले. चहाच्या वेळी लोक येऊन माझ्याशी बोलत होते, कार्ड देत होते. आदल्या दिवशी ज्यांच्या कडेला उभी होते तेच घोळके आता माझ्याभोवती जमले. आणि मी त्यांच्या खांद्यांवरून मीनलला शोधत होते. ती लॅपटॉप बंद करून कोपऱ्यात वायर गुंडाळत होती. सर तिच्याशी दोन शब्द बोलले आणि पुढे गेले. ऑस्ट्रेलियाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

संध्याकाळी निघताना एकही रिक्षा थांबेना. मी फाटकाशी परिषदेची काळी पिशवी आणि सामान घेऊन उभी, तोच मीनलची स्कूटर समोर येऊन थांबली. "बसा," म्हणाली. बसले. कर्वेनगरहून ती मला स्वारगेटला घेऊन निघाली. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटत होता. मी सीटच्या मागचा दांडा धरला.

गाडी लागलीच होती. खिडकीशी बसले, काच सरकवली. ती खाली उभी होती. मी म्हटलं, "मीनल, मला तुझं वाईट करायचं नव्हतं गं."

"माहीत आहे." मग म्हणाली, "तुमचं बरोबरच होतं. पण मला काल रात्री झोप लागली होती ना, ताई. तुम्ही 'बरं' म्हणाला होता."

कंडक्टरनं दार ओढलं. मी आपली रीतीप्रमाणे म्हणाले, "येते हं."

तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज अगदी साधा. "हे 'येते' म्हणजे काय, ताई? परत येणार, की हेही उलटंच असतं?"

गाडी हलली. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "खरंच येते! तू बोलावलंस तर खरंच येते!" स्वारगेटच्या त्या कोलाहलात तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. ती हात वर करून उभी होती. तो निरोपाचा हात होता की 'थांबा'चा, तेही कळलं नाही.

यवतमाळला आल्यावर सगळ्यांनी पुण्याचं विचारलं. मी मॉल सांगितला, सरकता जिना सांगितला, गोड पोहे सांगितले. प्रवास करून आलेल्या माणसाला एवढंच विचारतात आणि त्यानंही एवढंच सांगायचं असतं. दादाला मात्र सांगितलं, तुझ्या दुकानाची गोष्ट परदेशी लोकांनी उभं राहून ऐकली. तो म्हणाला, "बरं झालं," आणि पेपर वाचायला लागला. त्याच संध्याकाळी कॅफेत जाऊन मीनलला मेल लिहिली. पोचले म्हणून लिहिलं, गुडघ्याचं लिहिलं आणि शेवटी 'येते' असं लिहून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या शब्दाखाली त्याचा अर्थ लिहिला.