चुन्याच्या डबीची झाकणं

सुटीचा भोंगा झाला होता. गेटावर बायांची रांग होती आणि कौसल्याच्या अंबाड्यात माझ्या बोटांना काहीतरी टणक लागलं.

दिग्रसच्या एका जीनमध्ये मी तेव्हा झडतीवाली होते. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. बायांनी कापूस लपवून नेऊ नये म्हणून जाताना त्यांची ओटी, पदर, अंबाडा चाचपायचा, ही माझी ड्युटी. चौथी शिकलेल्या बाईला वाईट नव्हती.

कौसल्या कवडी वेचायची. किडका, डागी कापूस म्हणजे कवडी. तिच्याइतक्या भराभर कोणी वेचत नसे. मॅनेजर तिला कौसल्याबाई म्हणायचे आणि मला 'ए झडतीवाली'. आमची मुकादमीण काम सोडणार होती. ती जागा मला पाहिजे होती, मॅनेजरच्या मनात कौसल्या होती. ती रांगेत आली की मी तिला दोनदा तपासायचे.

त्या दिवसांत बायांच्या चुन्याच्या डब्यांची झाकणं जात होती. डबी जागेवर, झाकण गायब. चुना वाळायचा, तंबाखू मळायच्या वेळी भांडणं व्हायची. एकमेकींच्या झिंज्या धरण्यापर्यंत पाळी आली होती.

मला तिला बाजूला नेता आलं असतं. मी मुद्दाम सगळ्यांसमोर अंबाडा सोडला. तीन झाकणं खाली पडली.

"काय वं, झाकणाचं दुकान टाकतं काय?" मागून एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मॅनेजरनं ऑफिसात बोलावून विचारलं, हे कायले नेलं? कौसल्या सुटलेले केस बांधत म्हणाली,

"मले नाही पायजे ते, साहेब. मी तंबाखू खातच नाही. दिसलं का जीव कासावीस होते. उचललं का बरं वाटते. मंग घरी गेल्यावर लाज वाटते."

मला ते नाटक वाटलं. मॅनेजरनं मला तिच्या घरी पाठवलं. चुलीमागे एक गाडगं होतं, काठोकाठ झाकणांनी भरलेलं. एकही विकलेलं नाही, एकही वापरलेलं नाही. मी ते उचलून आनंदानं ऑफिसात आणलं. आता जागा माझीच.

मॅनेजरनं गाडग्यात हात घालून पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"एवढी झाकणं गेटातून गेली अन् तुले पत्ता नाही? तू काय मुकादमी करशील?"

मी म्हटलं, मी तर कापूस शोधते. खोटं नव्हतं. माझ्या हाताला मऊ शोधायची सवय. तिच्या केसांत टणक मला आधीही लागलं होतं. केसांचा आकडा असेल म्हणून सोडून दिलं होतं.

जे विकायचं नाही, वापरायचं नाही ते कोणी चोरते काय, म्हणत दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिला गावातल्या डॉक्टरांकडे पाठवलं, सोबत मला. डॉक्टर तिच्याशी तासभर बोलले. माझे गुडघे दुखायचे तेव्हा दोन गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं. शेवटी मी विचारलंच, "चोरी करणारीले एवढं काय विचारता?"

ते म्हणाले, "तुम्ही तंबाखू खाता ना? तलफ आली की काय होतं? तिला उचलायची तलफ येते. वस्तू नको असते. हा रोग आहे."

नाव इंग्रजी होतं, ते मी विसरले. आता नातीनं लिहून दिलं : क्लेप्टोमेनिया. डॉक्टर म्हणाले, मारून, हसून तो जात नाही, वाढतो. रोज कोणापाशी तरी तिनं खरं सांगावं आणि वस्तू परत जावी. ते काम त्यांनी मला दिलं.

"मले कायले?"

"तुम्ही तिला दोनदा तपासता म्हणे."

कौसल्यानंच सांगितलं असणार.

मॅनेजरनं तिला ठेवलं, कारण तसा हात दुसरा नव्हता. पण मुकादमी तिला दिली नाही. मला तर नाहीच. नेरहून एक बाई आणली.

त्यानंतर कौसल्या भोंग्याआधी माझ्याकडे यायची. "शेवंताबाई, आज एक आहे," म्हणायची आणि झाकण हातात द्यायची. मी ते जिच्या तिच्या डबीवर बसवायचे. पुढच्या सीझनला कधी कधी आठवडाभर एकही नसे. तिचा हेवा मी जीन सोडेपर्यंत केला, पण झाकण घेताना तिला पुन्हा कधी हसले नाही.

कोणी चोरी करताना सापडलं तर आधी माल कुठे गेला ते पाहावं. विकला, खाल्ला, वापरला तर चोर. नुसता गाडग्यात भरून ठेवला असेल तर दवाखान्यात न्यावं.