वकीलसाहेबांच्या सत्काराचा मंडप गायरानावर

अ‍ॅड. व्यंकटराव लोखंडे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त 'दोन गोड शब्द' लिहा, असा गौरव समितीचा निरोप आला. शब्द लिहितो, ते गोड होतील याची हमी देत नाही.

साहेबांची आणि माझी पहिली भेट कळमनुरीच्या कोर्टात झाली. मी नवा वकील, त्यांच्या हाताखाली काम शिकायला आलेलो. जागा पाहिल्याशिवाय ते वकीलपत्र घेत नसत. पहिल्याच दिवशी मला मोटारसायकलवर मागे बसवून त्यांनी आखाडा बाळापूरजवळच्या एका गावी नेलं. तिथल्या शेतमालकाने लेंडीखतासाठी सुभद्राबाई या मेंढपाळ बाईंचा कळप रात्री आपल्या रानात बसवून घेतला होता. सकाळी मात्र ठरलेला मोबदला बुडवायला, मेंढरांनी शेजारचा हरभरा खाल्ला म्हणत त्याने तोच कळप कोंडवाड्यात घातला. साहेब हरभऱ्यात वाकून वाकून फिरले. मालकाच्या रानात लेंड्यांचा सडा आणि हरभऱ्यात एकही नाही.

"मेंढरं एवढं खाऊन गेली अन् लेंडी एक बी टाकली न्हाई, व्हय?" त्यांनी मालकाला विचारलं. मालकाने तक्रार मागे घेतली. संध्याकाळी कळप सुटला.

पुढे साहेब आमदार झाले. माझे वडील नांदेडला दवाखान्यात होते तेव्हा माझ्या कोर्टातल्या तारखा आमदारसाहेब स्वतः चालवत होते. त्याच काळात त्यांच्याच पक्षाच्या एका पुढाऱ्याने त्या गावच्या गायरानाला तारेचं कुंपण घातलं. रानात पिकं उभी असताना मेंढरांना चरायला तेवढीच जागा. साहेबांनी काळा कोट चढवला आणि पुढाऱ्याविरुद्ध उभे राहिले. कुंपण निघालं. पुढच्या निवडणुकीत साहेबांचं तिकीट कापलं गेलं. कापणारे आज गौरव समितीत मिरवत आहेत. मला त्याची चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

आणि या समितीने सत्काराचा मंडप घातला कुठे? त्याच गायरानावर! पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून कळप हाकलून दिले. सुभद्राबाई साहेबांच्या दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, तुमचा मान व्हऊन राहिला, लई चांगलं हाय. पर आमी मेंढरं कुठं न्यावी?"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी लगेच समितीला फोन करून मंडप काढायला सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "साहेब, तुमी काहून तकलीफ घेता? मोठमोठे पाहुणे येऊन राहिले." लाज कशी वाटत नाही या लोकांना!

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. रीत म्हणून हे लिहीत नाही, त्याची आत्ताच गरज आहे. आज सकाळी साहेबांनी तहसीलमध्ये स्वतःच्याच सत्काराच्या मंडपाविरुद्ध सुभद्राबाईंचा अर्ज दाखल केला. वकील म्हणून त्यांच्या सहीखाली माझीही सही आहे. सुनावणी नेमकी सत्काराच्या दिवशी आहे. समितीने हार आणून ठेवले असतील, तर पाहुण्यांनी ते एकमेकांच्या गळ्यात घालावेत. साहेब त्या वेळी सुभद्राबाईंच्या बाजूने उभे असतील.