तारेतला गणपती

आमच्या घरातून देव एकदाच चोरीला गेला, आणि चोर मी होते.

विनू, कुसुम, तुम्ही रंगूनहून विचारलंत की आजीच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' असं मराठीत आणि इंग्रजीत का लिहिलेलं असतं. (तुमच्या आईने हा प्रश्न वीस वर्षं मनात ठेवला, तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलात. शाबास!) त्याचं कारण बरणीत नाही, एका लाल दगडात आहे.

मी तेरा वर्षांची होते आणि लग्न होऊन अमरावतीला आले होते. दूर अमेरिकेत लढाई चालू होती, आणि त्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या कापसावर विलायतेच्या उड्या पडत होत्या. हे मला पुढे इंग्रजी शिकल्यावर कळलं. तेव्हा वाटे, कापूस आपल्याच मर्जीने महाग झाला आहे. गावभर गाड्याच गाड्या, आणि हवेत सदा कापूस! अंगणात बसलं की पांढरे पुंजके डोळ्यांसमोरून इतके सावकाश जात की त्यांच्याबरोबर आपणही कुठेतरी चाललो आहोत असं वाटे. मी तासन् तास चाललेली असे. सासूबाई हाका मारून मारून थकत.

"सूनबाई! कुठी हायेस वं?"

"इथंच आहे, आत्याबाई."

"आंग इथं हाये. बाकीची कुठी हाये?"

त्या उडत्या कापसाने सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, पडसं होई. वारा सुटला की नाक बंद, वारा पडला की नाक मोकळं. हे नाक नीट लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावर येणार आहे.

माझी नणंद सगुणा माझ्याच वयाची आणि माझी एकुलती एक मैत्रीण. ती पहिल्यांदा नांदायला अकोल्याला निघायची होती आणि तिला गळ्यात घालायला खड्याचं पदक हवं होतं. पण सोनाराला वेळ कुठला? लोकांच्या हाती इतका पैसा आला होता की ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होते. एकाने तर गाडीच्या चाकाला चांदीची धाव चढवली! सोनार म्हणाला, "बाई, आधी बैलांचं होऊ द्या, मंग पोरीचं पाहू." रांगेत सगुणापुढे बावीस बैल होते.

मी म्हटलं, "सगुणाबाई, पदक मी करते."

"वयनी, तुले येते?"

"न यायला काय झालं? दगड, आणि त्याच्याभोवती तार!"

(बाळांनो, 'न यायला काय झालं' हे वाक्य तोंडातून निघालं की लगेच तोंड धुवावं.)

सोनाराची म्हातारी आत्या, गंगूआत्या, मागच्या दारी बसून चांदीची बारीक तार ओढायची. मी तिच्याकडे शिकायला जाऊ लागले. दगड माझे होते, नदीच्या पात्रातून वेचलेले, सुपारीएवढे, लाल आणि गुळगुळीत. उन्हात डोळ्याशी धरले की सगळी अमरावती संध्याकाळच्या रंगाची होई. बैल गुलाबी, कापूस केशरी, सासूबाईसुद्धा प्रेमळ!

गंगूआत्याने एका दगडाला तार घातली. खालून एक वेढा, आडवा एक, वर दोन, आणि उरलेल्या टोकाची कडी. झालं. तो दगड तारेत असा बसला, जसं मूल कडेवर बसतं.

"आता तू कर."

मी केलं. दगड निसटला.

"तार अशी रागानं ओढू नको वं. तिले समजाव."

मी समजावलं. दगड पुन्हा निसटला, या वेळी उसळून गंगूआत्याच्या पानाच्या डब्यात पडला. तिसऱ्या दिवशी मी घरी चुलीजवळ बसून सराव केला, तेव्हा दगड तारेतून सुटला तो थेट तुरीच्या वरणात. मी तो शोधत होते तेवढ्यात पानं वाढली गेली. मामाजींनी घास घेतला. 'कट्' असा आवाज झाला.

"वरनात दगड हाये," मामाजी शांतपणे म्हणाले, आणि दगडाशेजारी ताटात आपला एक दात ठेवला.

"डाळ नीट निवडत नाई आजकालच्या पोरी," सासूबाई म्हणाल्या. मी मान खाली घातली. डाळ निवडताना सुपारीएवढा दगड नजरेतून सुटेल का, हे विचारायचं कोणालाही सुचलं नाही. देवाची कृपा! (त्या वेळी देव माझ्या बाजूने होता.)

मग मी ठरवलं की दगड निसटता कामा नये. चार वेढ्यांच्या जागी वीस वेढे द्यायचे!

सगुणा निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी देव उजळायला काढले. पितळेचे देव चिंचेत घातले. आमचा गणपती मात्र दगडाचा. आजेसासऱ्यांनी काशीहून पायी येताना आणलेला लाल गोटा, सुपारीएवढा, गुळगुळीत. तो सासूबाईंनी पाण्याच्या वाटीत ठेवला आणि वाटी कोनाड्यात ठेवली. रंग खुलावा म्हणून माझे दगडही मी पाण्याच्या वाटीतच ठेवत असे. त्याच कोनाड्यात. तशाच पितळी वाटीत.

आता तुम्ही म्हणाल, आजी, तू नीट बघितलं का नाहीस? मी बघतच होते. फक्त कोनाड्याकडे नाही. खिडकीतून कापसाचा एक मोठा पुंजका आत आला होता. तो हळूहळू तुळईपर्यंत चढला, जरा थांबला, पुन्हा निघाला. त्याच्याकडे बघत मी वाटीत हात घातला, दगड उचलला आणि गुंडाळायला बसले. वीस वेढे झाले, वर सहा गाठी. पदक कापसाच्या आवळलेल्या गाठीसारखं दिसत होतं, पण दगड हलत नव्हता! सगुणाने ते गळ्यात घातलं आणि रडत रडत अकोल्याला गेली. संध्याकाळी सासूबाईंनी देव जागेवर मांडले. दुसऱ्या वाटीतला एक लाल दगड गणपतीच्या आसनावर बसला.

आठ दिवस वारा होता, मामाजींचं नाक बंद होतं, आणि पूजा यथासांग चालू होती. नवव्या दिवशी सकाळी वारा पडला.

मामाजींनी गणपती हातात घेतला, नाकाशी नेला आणि थांबले.

"याले वास नाई."

"आत्ताच तं गंध लावलं तुमी," सासूबाई आतून म्हणाल्या.

"वरचा वास माह्या गंधाचा. आतला वास माह्या बापाच्या गंधाचा. तो नाई." त्यांनी दगड खाली ठेवला. "हा आपला गणपती नोय. आठ दिवस म्या कोनाची पूजा करून राहिलो?"

मग शोध सुरू झाला. उंदराची बिळं उकरली. कोनाडे झाडले. सासूबाई कोनाड्याशी येऊन दोन वाट्यांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाट्यांकडे. मामाजींनी पाट सरकवला. "गनपती जाग्यावर बसल्याबिगर मी जेवनार नाई."

हे वाक्य साधं समजू नका. मामाजी म्हणजे पाच भाकरींचे आणि वर वांग्याच्या भाजीचे माणूस. ते जेवणार नाहीत म्हटल्यावर गोठ्यातला बैलसुद्धा वळून बघू लागला. माझ्याने राहवेना.

"मामाजी, गणपती अकोल्याला गेले."

"कोनासंगं?"

"सगुणाबाईंबरोबर."

"कसे?"

"गळ्यात बसून."

मामाजींनी उपरणं खांद्यावर टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बैल जुंपा. सूनबाई, तू बी चाल. तूच बांधला, तूच सोडवजो." सासूबाईंनी शिदोरी बांधली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "जाग्यावर चुकीचा गोटा म्या ठेवला, हे तिथं बोलू नको." त्या दिवसापासून आम्हा दोघींचं फार जमलं.

निघताना मामाजींनी तो खोटा गणपतीही उपरण्याच्या टोकात बांधून घेतला. "आठ दिवस मनापासून पूजा केली त्याची," म्हणाले. "आता त्याले फेकवत नाई."

अकोल्याचा रस्ता तीन दिवसांचा. आमची दमणी हलकी, बैल चपळ, पण पुढे कापसाच्या गाड्यांची न संपणारी रांग! वारा पुन्हा सुटला. गाड्यांमधून कापूस उडून बाभळींना लागला होता, काट्याकाट्याला फूल आल्यासारखा. मी गाडीच्या तट्ट्याला टेकून बघत होते आणि, खरं सांगते, आपण कशासाठी चाललो आहोत हे मधूनमधून विसरत होते. मामाजी शिंकले की आठवण येई. तीन दिवस त्यांच्या पोटात दूध आणि केळी, शेजारी शिदोरीत भाकरी आणि जवसाची चटणी. ते फडकं सोडायचे, वास घ्यायला वाकायचे, आणि पुन्हा बांधायचे.

"काही येत नाई वास," म्हणायचे. "नाक गेलं."

अकोल्याला सगुणाच्या सासूने, विहीणबाईंनी, गूळपाणी पुढे केलं. मामाजींनी हात जोडले. एक तर उपास, आणि दुसरं म्हणजे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. म्हणजे इथे त्यांना दोन बाजूंनी उपास होता! मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. सगुणाने गळ्याला हात लावला. विहीणबाईंनी आधी सुनेला नमस्कार केला, मग पदकाला.

"म्हनूनच!" त्या म्हणाल्या. "पोरगी आली आन् माह्या म्हशीनं लाथ मारनं सोडलं. इवाईबुवा, आपल्या पायानं आलेला देव मी जाऊ देनार नाई."

"त्याले पाय नाईत, इहीनबाई. माह्या सुनेनं तारेत बांधून पाठवला."

"तं मंग बोलावूनच आनला म्हना! आलेल्या देवाले कोनी हाकलते का?"

मामाजींनी डोळे मिटले. मग सावकाश उपरण्याची गाठ सोडली. "हा घ्या. हा बी देवच हाये. आठ दिवस सोवळ्यात पूजा खाल्ली त्यानं. हा तुमच्या घरी ठेवा, माह्या मले द्या."

विहीणबाईंनी विचार केला, मान डोलावली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. देवाला चिमटा लावायचा नाही, पक्कड लावायची नाही, हातानेच सोडवायचं. वीस वेढे आणि सहा गाठी! सकाळी बसले, दुपार कलली तेव्हा शेवटचा वेढा सुटला. माझी बोटं रक्ताळली होती आणि मामाजींच्या पोटातून गाडीच्या चाकासारखा आवाज येत होता.

दगड मोकळा झाला. मी 'झालं' म्हणणार तोच विहीणबाई पुढे आल्या. "दोघायलेबी आंघोळ घालू!" असं म्हणून त्यांनी मोठ्या भक्तिभावाने दोन्ही गणपती एकाच ताम्हणात ठेवले, दूध, दही, मध ओतलं, खळखळून धुतले, आणि दोघांनाही एकाच खोडाचं चंदन फासलं.

मग आम्ही सगळे ताम्हणात वाकून बघू लागलो. दोन लाल गोटे. सुपारीएवढे. गुळगुळीत.

"कोनता कोनता वं, वयनी?" सगुणाने हळूच विचारलं.

मामाजींनी एक उचलला, नाकाशी नेला. दुसरा उचलला. मग दोन्ही खाली ठेवले आणि शिंकले. तीन दिवसांचा कापूस! "माह्या नाकाचं काही खरं नाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "सूनबाई, तू बांधला, तू सोडवला. तुह्या हाताले ठाऊक असन. सांग."

चार दिवसांचा उपाशी माणूस समोर बसला होता. त्याचे ओठ सुकले होते. मी ताम्हणात बघितलं. दाराबाहेर कापूस उडत होता. मी हात घातला.

"हा," मी म्हटलं. अगदी ठामपणे!

मामाजींनी तो कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग दारात उभ्या असलेल्या दमणीत जाऊन बसले. ("गाडी माह्यी, म्हंजे हे माह्यं घर!") तिथेच पाटावर गणपती मांडला, पूजा केली, आणि चार दिवसांच्या कडक भाकरी एका दाताच्या खिंडीतून असे जेवले, की विहीणबाईंची म्हैस बघत राहिली.

अमरावतीला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते दोन वाट्यांवर कोळशाने खुणा करण्याचं. पुढे लिहायला शिकले, मग इंग्रजीही शिकले, आणि खुणांची लेबलं झाली. लोक मला फार व्यवस्थित बाई समजतात.

पण बाळांनो, आज पन्नास वर्षांनी पहिल्यांदाच सांगते: मला काहीही ठाऊक नव्हतं. माझ्या हाताला तर त्याहूनही कमी. मामाजी पुढे वीस वर्षं त्याची पूजा करून समाधानाने गेले. वारा पडला, नाक मोकळं झालं, तरी त्यांनी तो पुन्हा कधी नाकाशी नेला नाही. का नेला नाही, ते मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी सगुणा गेली. तिच्याकडचा गणपती तिच्या मुलाने माझ्याकडे आणून दिला. कोनाड्यात दोघे शेजारी शेजारी बसले आहेत. त्यांतला एक तुम्हाला पाठवते आहे, तारेत घालून. (चारच वेढे! गंगूआत्या असती तर म्हणाली असती, समजली वं तुले तार.) डबी तयार आहे, फक्त लेबल राहिलं होतं. मिठापासून मेथीपर्यंत सगळ्यांना अचूक नाव देणारी मी, सकाळपासून दौत घेऊन बसले होते. शेवटी लिहिलं:

'दगड. आधी नमस्कार करावा.'