गणपतीपर्यंत तहकूब

आमच्या वाडीत मोठा निर्णय गणपतीतच होतो. घरं मुंबईतल्या पुरुषांच्या नावावर. ते चाकरमानी सुट्टी काढून आले की मगच रस्ता, विहीर, देवळाचं छप्पर असे विषय निघतात. बाकी वर्षभर आम्ही म्हातारे आणि बायका माना डोलवायला असतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, आणि मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला रत्नागिरीहून एक संशोधक बाई आल्या. वाडीच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे, तिथल्या जांभ्यात पडलेली भेग त्या दोन वर्षं मोजत होत्या. ग्रामसभेत त्यांनी नकाशा लावला. त्यांचं पुस्तकी मराठी लोकांना कळेना, म्हणून मला उभं केलं. मी सांगितलं की पाऊस आता पूर्वीसारखा महिनाभर वाटून पडत नाही, चार दिवसांत कोसळतो. तेवढं पाणी भेगेत शिरलं तर डोंगराचा उतार सुटू शकतो. वरच्या सात घरांनी आषाढ तेवढा खालच्या शाळेत काढावा, एवढंच बाईंचं मागणं होतं.

"दरड औंदाच येनार काय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

बाई खरं बोलल्या. "तसं नक्की सांगता येत नाही. धोका मात्र वाढलाय."

सभा हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. शक्यता म्हणजे काय हे वर्गात मीच घसा कोरडा करून शिकवायचो, पण चारचौघांत आपली माणसं हसली की आपलंही तोंड हसरं होतं. चाकरमानी आल्यावर विषय घ्यायचा, असं ठरलं. तो ठराव माझ्याच अक्षरात आहे.

जाताना बाई मला म्हणाल्या, "सर, गणपती भाद्रपदात. पाऊस त्याआधीच पडून जाईल. तुम्ही तरी समजवा."

"बघतो," मी म्हणालो.

सातांतलं सगळ्यांत वरचं घर माझ्या धाकट्या बहिणीचं. नवरा मुंबईला, ती दोन मुलं आणि दोन गाई घेऊन इथे. त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. ओट्यावर बसलीसुद्धा नाही.

"दादा, तू शिकलेला. माला त्यातलां काय कळत नाय. पोरांना घेऊन शाळंत जाऊ काय?"

"एकटीच गेलीस तर लोक नावं ठेवतील," मी म्हणालो. "भावोजींना येऊ दे. तोवर थांब."

ती थांबली. माझा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

आषाढात पाच दिवस पाऊस उघडला नाही. पाचव्या दिवशी दुपारी मुलं माझ्याकडे जेवायला आली होती आणि ती गोठ्यात गाईंना वैरण घालत होती. तेव्हा उतार सुटला. खालच्या सहा घरांतली माणसं आवाज ऐकून पळाली, वाचली. ती तिसऱ्या दिवशी सापडली. मला तिची फार आठवण येते, आणि प्रत्येक आठवणीत माझंच तोंड चालू असतं.

भाद्रपदात चाकरमानी आले. आमच्या घरी त्या वर्षी गणपती नव्हता, पण सभेला मी गेलो. वरची सगळी वस्ती खाली हलवायचा ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला. नक्की काय, कधी, असं या वेळी कुणी विचारलं नाही. संशोधक बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं माझ्यानं झालं नाही. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

सभा सुटल्यावर भावोजी जवळ आले. दिवसकार्यातही ते माझ्याशी फारसं बोलले नव्हते.

"दादा, तिनं तुमाला विचारलंन होतां काय?"

"हो."

"मंग तुमी काय सांगितलात?"

"तुम्ही येईपर्यंत थांब, म्हणालो."

 ते मुलांना न्यायला माझ्या घराकडे चालू लागले.